गणपत वाण्याचा काळ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जांब समर्थ येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या कापड दुकानदाराने कवितेवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी साहित्याचा अधिकारी अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि तेव्हापासून तागे, मीटर, कात्री आणि उधारीच्या वह्या यांतच आयुष्य गेले. तथापि मराठीत एक कविता अशी आहे की, तिच्याविषयी बोलण्याचा थोडासा हक्क दुकानदारालाही पोहोचतो. कारण तिचा नायकच दुकानदार आहे. कवी बा. सी. मर्ढेकर आणि कविता गणपत वाण्याची. आपल्या कथा-नाटकांत वाणी येतो तो बहुधा तराजू किंवा व्याजाचा कागद हाती घेऊन. गिऱ्हाईक नसताना गादीवर बसलेला हा माणूस मनाशी काय बोलत असेल, हे विचारणारे लेखक थोडे. मर्ढेकरांनी ते विचारले. त्या कवितेच्या आधाराने ‘काळ’ या विषयावर चार विचार आपल्यापुढे मांडावेत, एवढाच आजचा हेतू आहे.

काळाविषयी बोलण्यास आपल्या गावाइतके योग्य ठिकाण दुसरे कोणते असणार? शके १५३० म्हणजे इसवी सन १६०८ मध्ये रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी, समर्थ रामदासांचा जन्म येथे झाला. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते निघून गेले, ही कथा जांबच्या लहान मुलालाही ठाऊक आहे. हा शब्द आपण प्रत्येक लग्नात ऐकतो. मुहूर्ताची घटिका जवळ आली, आता लक्ष द्या, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ. मांडवातील सर्वांनी तो ऐकला आणि अक्षता टाकल्या. एका मुलाने मात्र तो आपल्यासाठीच उच्चारला गेला असे मानले. परंपरेने सांगितलेली ही आख्यायिका आहे. तिचा गाभा मला असा वाटतो की, काळाची सूचना सर्वांना सारखीच मिळते. ती आपल्याला उद्देशून आहे हे ओळखणारा मात्र एखादाच असतो.

पुढे समर्थांनी दासबोधाच्या बाराव्या दशकातील आठवा समास ‘काळरूप निरूपण’ या विषयाला दिला. त्याचे तात्पर्य असे की, निराकारात काळवेळ काहीच नाही. सृष्टीचा पसारा वाढला, हालचाल सुरू झाली, तेव्हा काळ दिसू लागला. या समासानंतर लगेच येणारा नववा समास आहे यत्नाच्या शिकवणीचा. काळ समजावून सांगितल्यावर समर्थ उसासा टाकून थांबत नाहीत. पुढच्याच समासात माणसाला कामाला लावतात. समासांचा हा क्रम मनात ठेवून आपण सुमारे तीन शतकांनंतरच्या कवीकडे वळू.

बाळ सीताराम मर्ढेकर यांचा जन्म १९०९ साली खानदेशात फैजपूर येथे झाला. पुण्यात शिक्षण, मग इंग्लंडमध्ये काही वर्षे वास्तव्य, परतल्यावर काही काळ इंग्रजीचे अध्यापन आणि नंतर आकाशवाणीची नोकरी, असा त्यांचा जीवनक्रम. ‘शिशिरागम’ हा पहिला संग्रह १९३९ चा. १९४७ साली ‘काही कविता’ आणि १९५१ साली ‘आणखी काही कविता’ प्रसिद्ध झाल्या आणि मराठी कवितेत नवे युग सुरू झाले असे समीक्षक म्हणू लागले. ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. १९५६ साली वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात.

त्यांचा काळ समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कवितेतील काळ समजत नाही. दुसरे महायुद्ध, रेशनिंग, गिरण्यांचे भोंगे, वाढती मुंबई, असा तो काळ. मुंबईत विजेवर चालणारी पहिली रेल्वेगाडी १९२५ साली धावली आणि माणसाचा दिवस वेळापत्रकाला बांधला गेला. शेतकऱ्याचा दिवस सूर्यावर चालतो, आपला दुकानदाराचा गिऱ्हाइकावर; लोकलने जाणाऱ्या नोकरदाराचा दिवस मिनिटावर चालू लागला. सकाळी उठावे ते गाडी गाठण्यासाठी आणि गाडी गाठावी ती साहेबापुढे मान झुकवण्यासाठी, अशा दिनक्रमावर मर्ढेकरांची एक उपरोधिक कविता आहे. तिचे रूप त्यांनी संतांच्या अभंगाचे ठेवले. समर्थांनी मनाच्या श्लोकांत पहाट रामचिंतनाला दिली होती. मर्ढेकरांच्या शहरात ती गाडीच्या वेळेला दिली गेली. जुन्या भक्तीचा साचा तोच, आत भरलेला माल मात्र बदललेला. हाच त्यांच्या नवकवितेचा एक विशेष होय.

त्याच सुमारास युरोपातही कवींना काळाच्या प्रश्नाने घेरले होते. मर्ढेकरांवर ज्यांचा प्रभाव सांगितला जातो ते टी. एस. एलियट यांनी ‘फोर क्वार्टेट्स’ हे दीर्घ काव्य १९४३ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केले. त्याचा मुख्य विषयच काळ आहे. हे एलियट आठ वर्षे लंडनमधील लॉइड्स बँकेत नोकरीस होते. हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्याला काळाचा विचार सुचत नाही, असे निदान यापुढे कोणी म्हणू नये!

आता मूळ कवितेकडे येतो. ती येथे वाचून दाखवत नाही. आपण संग्रह मिळवून ती अवश्य वाचावी. तिच्यात घडते ते असे. गणपत हा किराणा दुकानदार. बिडी ओढता ओढता तो एक काडी चघळत बसतो आणि आपल्याच मनाला सांगतो की, या जागी मी एक दिवस माडी चढवीन. मग एक डोळा बारीक करतो, भुवई उडवतो, काडी फेकून देतो. दिवसभर जिरे-धणे, धान्य, तेल विकतो, गिऱ्हाइकाचे मन सांभाळतो, हिशेब करतो. त्याने चघळून फेकलेल्या काड्या दुकानाच्या जमिनीत रुतत जातात. आणि असाच बिडी ओढता ओढता एक दिवस गणपत मरून जातो. माडी होत नाही. कथा एवढीच.

कवीने गणपतचे गाव सांगितलेले नाही, वय नाही, बायको-मुले नाहीत, मृत्यूची तारीख नाही. दुष्काळ नाही, दिवाळे नाही, दरोडा नाही. गणपतवर कोणतेही संकट आले नाही. त्याच्यावर फक्त काळ आला. आपण संकटाची तजवीज करतो, विमा उतरवतो, गोदामाला कुलूप लावतो. काहीच न घडता निघून जाणाऱ्या दिवसांची तजवीज मात्र कोणत्याही पेढीवर होत नाही.

या कवितेचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. शाळेत आपण काळांचे प्रकार शिकलो. गणपतच्या सवयी कवी रीतिभूतकाळात सांगतो. ‘करायचा, बसायचा’ या वळणाची क्रियापदे. म्हणजे एकदा घडलेली गोष्ट नव्हे, रोज घडणारी. माडीचे वाक्य भविष्यकाळात आहे, पण तेही रोजच म्हटले जाते. पुढे दुकानदारीचे वर्णन येते तेव्हा क्रियापदांना काळच उरत नाही; ‘घेणे, देणे, मोजणे’ अशी नुसती कामांची नावे येतात, जणू ती कामे आपोआप होत आहेत आणि करणारा कोणीच नाही. आणि मरणाच्या ठिकाणी साधा भूतकाळ. गणपतच्या आयुष्यात एकदाच आणि कायमची घडलेली गोष्ट कोणती, तर त्याचे मरण! प्राध्यापक मंडळी यावर पुष्कळ सांगू शकतील; परंतु एका माणसाचे आयुष्य तीन-चार क्रियापदांच्या रूपांत कसे बसते, हे पाहून मला तरी आश्चर्य वाटते.

ओळींची लयही पाहा. सोळा मात्रांची, बडबडगीतासारखी सरळ, एकसारखी लय आहे. गणपतच्या काळी रुपयाही सोळा आण्यांचा होता. दशमान नाणी आली ती १९५७ साली. मात्रा आणि आणे यांचा हा मेळ केवळ योगायोगाचा, तो मी कवीच्या पदरी घालत नाही. एकसारखी लय मात्र हेतुपूर्वक आहे असे मी मानतो. दुकानाचे दिवस असेच एका मापाचे असतात. पहिली भवानी, दुपारची सामसूम, संध्याकाळची गर्दी, मग गल्ला मोजून दुकान वाढवणे. मंगळवार कोणता आणि गुरुवार कोणता, हे बाजाराच्या वारावरूनच ओळखायचे.

आता एक हिशेब मांडतो. कवीने बिड्यांची संख्या दिलेली नाही. ती आपण धरून चालू. दिवसाला आठ बिड्या आणि प्रत्येकीला सहा मिनिटे धरली, तर ४८ मिनिटे होतात. वर्षाचे २९२ तास. चाळीस वर्षे दुकान चालवले असे धरले, तर ११,६८० तास, म्हणजे सुमारे ४८७ दिवस; एक वर्ष आणि चार महिने. एवढा काळ गणपत आपल्या माडीविषयी बोलत बसला. एवढ्या दिवसांत, गाठीला पैसा असता तर, गवंड्याने ती माडी बांधूनही दिली असती.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात ४८ हा आकडा ऐकताच दुसरा शब्द आला असेल. सामायिकाचा काळ तेवढाच; एक मुहूर्त, दोन घटिका, ४८ मिनिटे. दिवस-रात्रीचे असे तीस मुहूर्त होतात. मी आकडा जुळवून आणला, हे उघड आहे. परंतु त्यामुळे प्रश्न नीट मांडता येतो. तेवढ्याच वेळात एक माणूस बसतो आणि स्वतःकडे पाहतो. दुसरा बसतो आणि स्वतःला उद्याचे आश्वासन देतो. घड्याळाला दोघांतील फरक कळत नाही. मग तो फरक कशात आहे?

आपल्या तत्त्वज्ञानाने काळाचा विचार बारकाईने केला आहे. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल ही सहा द्रव्ये. यांपैकी पाच अस्तिकाय आहेत, काल मात्र अस्तिकाय नाही. कालाला स्वतंत्र द्रव्य मानावे की नाही, याविषयी आचार्यांमध्ये मतभेद आहेत. तथापि त्याचा समूह होत नाही, ढीग होत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. व्यापाऱ्याला हे चटकन पटावे. कापसाच्या गाठी रचता येतात, साखरेची पोती थप्पीला लावता येतात, भाव येईपर्यंत माल धरून ठेवता येतो. काळाचे गोदाम होत नाही. आजचा तास उद्याच्या तासावर रचून ठेवता येत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात काळाचे कार्य सांगितले आहे. पदार्थांचे असणे चालू राहणे, त्यांच्यात बदल होणे, क्रिया होणे, आधीचे-नंतरचे असा क्रम लागणे, हा सर्व काळाचा उपकार. उपकार हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. काळाला आपण चोर म्हणतो, काळाने घाला घातला म्हणतो. शास्त्राने त्याला उपकारक म्हटले. काळ नसेल तर बीजाचे झाड नाही, सुताचे कापड नाही आणि अज्ञानाचे ज्ञानही नाही.

उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनाला ‘द्रुमपत्रक’ असे नाव आहे. झाडाचे पिकलेले पान जसे गळून पडते, गवताच्या टोकावरचा दवबिंदू जसा क्षणभरच टिकतो, तसे मनुष्याचे आयुष्य आहे, हे सांगून भगवान महावीरांनी गौतमस्वामींना समयमात्रही प्रमाद न करण्याविषयी पुन्हा पुन्हा बजावले आहे. समय म्हणजे काळाचा सर्वांत सूक्ष्म अंश, ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत. आणि हा उपदेश कोणाला? गौतम गणधरांना, पट्टशिष्याला. आळशी माणसाला तो केलेला नाही.

येथे गणपतच्या कवितेची किल्ली सापडते. प्रमाद म्हणजे आळस असे आपण ढोबळपणे समजतो. गणपत आळशी नव्हता. गिऱ्हाईक परत गेले, तोल मारला, हिशेब बुडवला, असा एक शब्दही कवितेत नाही. तो दिवसभर कामात होता. तरीही त्याचे आयुष्य प्रमादात गेले, असे म्हणावे लागते. कामात असणे आणि जागे असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आळशी माणसाला लोक हलवून जागे करतात. कामात गढलेल्याला कोणी उठवीत नाही, उलट त्याचे कौतुकच होते. आपल्या समाजाची ख्याती कष्टाळू म्हणून आहे. म्हणूनच ही कविता आपण अधिक लक्ष देऊन वाचली पाहिजे.

आपल्या धंद्याचे काळाशी नाते मोठे विलक्षण आहे. काळाला भाव असतो हे व्यापाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. व्याज म्हणजे काळाची किंमत. हुंडीला मुदत असते, उधारीला मुदत असते, पडून राहिलेल्या मालाचा भाव दर हंगामाला उतरतो. माझ्या तरुणपणी टेरिकॉटचे तागे वाऱ्यासारखे संपत. पुढे तेच कापड कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिले. शिल्लक मालाची यादी करताना काळाची गाठ पडतेच.

आपल्या मराठवाड्यातील जुन्या वह्या काढून पाहाव्यात. निजामी राजवटीत सरकारी कामकाज फसली सनाने चाले. घरच्या वहीत शके किंवा संवत, देवळाच्या वहीत वीर निर्वाण संवत आणि मुंबईच्या आडत्याच्या पत्रावर इसवी सन. एकाच दिवसाला चार नावे! वहीपूजन दिवाळीला आणि तेथूनच व्यापारी वर्ष सुरू. पुढे आयकराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांनाच एप्रिल ते मार्च हे वर्ष बंधनकारक झाले. आजही आपण दिवाळीला वहीची पूजा करतो, पण हिशेब मिटतो ३१ मार्चला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि वर्षाचे तुकडे होऊन महिन्या-महिन्याच्या विवरणपत्रांची वेळ पाळावी लागू लागली. म्हणजे काळ मोजण्याची रीत माणसे ठरवतात, कायदे ठरवतात आणि ती बदलतेही. समर्थांनी जे निरूपण केले त्याचा प्रत्यय आपल्या खतावणीतच येतो.

मात्र या कोणत्याही वहीत एका गोष्टीला रकाना नाही. येणे आहे, देणे आहे, घसारा आहे, बुडीत उधारी आहे. परंतु ‘करीन म्हटले आणि केले नाही’, याची नोंद कोठे करायची? गणपतच्या हिशेबाच्या वहीत ही नोंद नव्हती. ती मर्ढेकरांनी जमिनीत केली. फेकलेल्या काड्या दुकानाच्या जमिनीत रुतून राहिल्या, ही या कवितेतील सर्वांत मोठी प्रतिमा आहे. प्रत्येक काडी म्हणजे एकदा उच्चारलेली आणि न झालेली माडी. वर चढायची ती माडी काडीकाडीने खाली, जमिनीत गेली. माणूस गेल्यावर उरले तेवढेच.

आपल्या दुकानांतून एक पाटी पूर्वी हमखास असे: आज रोख, उद्या उधार. गिऱ्हाईक हसून ती वाचे. त्या पाटीतील उद्या कधीच उगवत नाही, कारण दुसऱ्या दिवशीही पाटीवर तेच लिहिलेले असते. गणपतने हीच पाटी स्वतःच्या मनात, स्वतःकडे तोंड करून लावली होती. गिऱ्हाइकाला टाळण्यासाठी जी युक्ती काढली, ती स्वतःवरच चालली.

कवितेचा शेवट एका परिचित म्हणीवर होतो. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. एरवी ही म्हण आनंदाची. मर्ढेकर ती गणपतच्या मरणानंतर लगेच ठेवतात आणि तिची चव कडू होते. जन्मभर ज्याने डोळे उघडले नाहीत त्याला आता दोन डोळे मिळाले, तर ते कशासाठी? या शेवटाचे अर्थ समीक्षकांनी वेगवेगळे लावले असतील. मला दिसणारा अर्थ हा आहे.

जांबच्या माणसाला येथे दुसरी कथा आठवल्यावाचून राहत नाही. समर्थ घर सोडून गेले. बारा वर्षे नाशिकजवळ टाकळीला तप, बारा वर्षे तीर्थाटन आणि त्यानंतर ते आईच्या भेटीस जांबला आले. तोपर्यंत राणूबाईंची दृष्टी गेली होती. मुलाच्या स्पर्शाने त्यांना पुन्हा दिसू लागले, असे परंपरा सांगते. चोवीस वर्षांनी आलेले ते डोळे वेळेवर आले, कारण पाहणारी माता हयात होती आणि ज्याला पाहायचे तो मुलगा दारात उभा होता. गणपतचे डोळे वेळ टळल्यावर आले. देणे तेच, फरक फक्त काळाचा.

मर्ढेकरांनी वाण्याची टिंगल केली, असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला तसे वाटत नाही. टिंगल करणारा कवी गणपतला लबाड किंवा कंजूष दाखवू शकला असता. ते सोपे होते. त्याने त्याला स्वप्न दिले. माडीची इच्छा हा दोष मानायचा, तर जगात एकही मंदिर, एकही शाळा, एकही धर्मशाळा उभी राहिली नसती. आज ज्या ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव आपण साजरा करीत आहोत, तोही पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मनातील माडीच होता.

मग गणपतची माडी का झाली नाही? कवीने कारण एका बारीक तपशिलात ठेवले आहे, असे मला वाटते. गणपत माडीची गोष्ट फक्त स्वतःच्या मनाशी बोलतो. ती तो शेजाऱ्याला सांगत नाही, गवंड्याला विचारत नाही, वहीत मांडत नाही. मनाशी केलेल्या बोलीला साक्षीदार नसतो आणि मुदतही नसते. व्यवहारात आपण अशा बोलीवर चार आणेही कोणाला देणार नाही. आपल्या ट्रस्टच्या संस्थापक पिढीने नेमके उलटे केले. त्यांनी आपली इच्छा चारचौघांत बोलून दाखवली, कागदावर लिहिली, खाली सह्या केल्या, वर्गणीचा आकडा आणि तारीख घातली. ट्रस्ट म्हणजे उघड बोललेली माडी. ज्यांनी सह्या केल्या त्यांपैकी बहुतेक आज नाहीत, पण काम चालू आहे. एका माणसाच्या काळाला जे साधत नाही, ते अनेकांच्या काळाची गाठ बांधली की साधते. काळाचा ढीग होत नाही हे खरे; पण त्याची साखळी करता येते. एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने उचलला म्हणजे झाले. कापडवाल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. तुटलेल्या धाग्याला गाठ मारल्याशिवाय मागावर पुढे विणता येत नाही.

हे सांगताना आजची परिस्थिती डोळ्यांआड करता येणार नाही. आपली मुले-मुली शिकून पुणे, मुंबई, संभाजीनगर, काही परदेशी गेली. याचा आनंदच आहे. पण गावातील एकेक दुकान वाढवले जाते आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाही. माझ्या गादीवर माझ्यानंतर कोण बसेल, याचे उत्तर आज माझ्यापाशी नाही. साठी ओलांडलेल्या प्रत्येक दुकानदाराच्या घरात हा प्रश्न आहे आणि आपण तो एकमेकांना विचारत नाही. चहाच्या वेळी भाव विचारतो, पाऊस विचारतो. हा प्रश्न प्रत्येकजण आपल्या मनाशीच चघळत बसलेला आहे. म्हणून मला ही कविता जुनी वाटत नाही.

भाषण तत्त्वावर संपवणे सोपे असते. व्यापाऱ्याच्या सवयीने मी ते व्यवहारावर संपवतो. आपल्या ट्रस्टच्या ठराववहीत एक वाक्य वारंवार येते: पुढील सभेत विचार करू. मुलांसाठी अभ्यासिका आणि वाचनालय असावे, हा विषय या वाक्याखाली किती सभा बसून आहे, हे वही चाळली की दिसेल. हेतू सर्वांचा चांगला आहे, वाद कोणाचाच नाही. म्हणूनच तो विषय मागे पडतो. वाद असता तर निर्णय कधीच झाला असता. माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवी वर्षात ते वाक्य वापरणे थांबवावे. जो विषय पुढे ढकलायचा, त्यापुढे तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. नाव आणि तारीख लिहिता येत नसेल, तर विषय सरळ रद्द करावा. रद्द केलेला ठराव जमिनीत रुतत नाही.

अभ्यासिकेसाठी माझ्या दुकानामागची खोली मी देण्यास तयार आहे. तिच्यात आज शिल्लक माल आहे. तो येत्या अक्षय्य तृतीयेपर्यंत हलवीन. हे मी आपणा सर्वांसमोर बोललो आहे आणि स्मरणिकेत ते छापले जाईल, म्हणजे साक्षीदारही झाले आणि मुदतही झाली. खोली लहान आहे. वर माडी चढवता येईल की नाही, हे पुढची पिढी पाहील.

 बोलताना कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.